बाई मुद्दाम चुकतात

हे लिहायला मला पाच महिने लागले. मध्येच एखादा शब्द मिळेना, की तिथे मी रिकामी चौकट काढायची आणि पुढे जायची. मग कधी भात उपसताना, कधी केस विंचरताना तो शब्द आपणहून यायचा आणि मी धावत जाऊन चौकट भरायची. दोन चौकटी शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या, तेव्हा ती वाक्यंच खोडली. ज्यांच्या घरात कुणाची वाचा अशी एकाएकी गेली असेल, त्यांनी यातून घेण्यासारखं काही असेल तर घ्यावं. औषधपाण्याचं मी सांगणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. फक्त लगेच विचारा, आमच्यासारखा घोळ घालू नका.

आमची पद्धत

मी अंगणवाडी सेविका आहे. माहेर वर डोंगरातल्या एका वाडीत, जिथे माणसांपेक्षा शेरडं जास्त. सासर खाली पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात. अंगणवाडी आमच्या घराला लागूनच आहे आणि तिच्या खिडकीतून आमचा गोठा दिसतो. गोठ्यात भुरी नावाची म्हैस असते. भुरीला या हकिकतीत काम आहे, म्हणून तिची ओळख आधीच करून देते.

अंगणवाडीत चित्रांचं एक पुस्तक आहे, मी स्वतः केलेलं. जुनी कॅलेंडरं आणि बियाण्याच्या पिशव्या यांवरची चित्रं कापून पुठ्ठ्यांवर चिकटवलीत. एक शेळी घरातून निघते आणि डोंगर उतरून बाजाराला जाते, इतकीच गोष्ट. अक्षर एकही नाही. मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं नसतं, त्यांच्याकडून ते वदवून घ्यायचं असतं, हे मी महाडच्या एका प्रशिक्षणात शिकले. चित्रावर बोट ठेवायचं, "इथे काय चाललंय?" विचारायचं आणि गप्प बसायचं.

हे गप्प बसणं फार अवघड. आयांना तर जमतच नाही. पोराने तोंड उघडायच्या आत आई त्याच्या तोंडात उत्तर कोंबते, घास भरवावा तसं. प्रशिक्षणात म्हणाले होते, मनात पाचपर्यंत मोजा. आमची मुलं मोठ्याने मोजायला लागली आणि पाचावर थांबेचनात. शेवटी मी भुरीला कामाला लावलं. ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. सगळ्यांनी खिडकीतून भुरीकडे बघायचं. ती रवंथ करताना तोंडातला घास चघळून गिळेपर्यंत त्या मुलाला मोकळीक. म्हशीला कसली घाई नसते, त्यामुळे वेळ भरपूर मिळतो.

आणि दुसरी माझी आवडती पद्धत म्हणजे मुद्दाम चुकणं. शेळीवर बोट ठेवून मी म्हणायची, "अगंबाई, केवढा मोठा हत्ती!" की मुलं तुटून पडायची. "हत्ती नाय, शेळी हाय!" जे मूल एरवी तोंड उघडत नाही, तेही बाईंची चूक काढायला पुढे सरसावतं.

आर्वी मात्र त्यालाही बधली नव्हती. तिचे आईवडील मुंबईला, ती इथे आजीजवळ. तीन वर्षांची होऊनही बोलत नव्हती. आळीत तिला मुकी म्हणायचे, आजीसमोरच. मी एक अख्खा पावसाळा तिची वाट पाहिली. एकदा आम्ही सगळे भुरीकडे बघत बसलो होतो, तर मागून बारीक आवाज आला, "शेली भिजली." मी मान वळवली नाही, पण डोळ्यांना धार लागली. मुलांना वाटलं, बाई भुरीला बघून रडतायत.

भाकर

ती माघातली सकाळ होती. आम्ही त्याच पानावर होतो, शेळी पावसात सापडते ते. चित्रात एक माणूस तिच्यावर छत्री धरून उभा आहे. मुलं ओरडली, "छत्री!" मला म्हणायचं होतं, हो, काळी छत्री, कुणाची असेल बरं? माझ्या तोंडून निघालं, "हो, काळी भाकर."

मुलं खिदळली. "भाकर नाय, छत्री!"

मी पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा भाकरच. मुलांना ऊत आला. एकजण हसून हसून आडवा पडला. कोपऱ्यात खिचडी ढवळणाऱ्या आमच्या मदतनीस संगीताताई म्हणाल्या, "आज बाई रंगात आल्यात." मी तर आतल्या आत अगदी नीट बोलत होते. माझंच बोलणं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. चित्रावरचा माझा उजवा हात घसरून मांडीवर आला आणि तिथेच राहिला. घाबरायला हवं होतं. पण मला आठवते ती एक विचित्र शांतता, दुपारच्या झोपेत शिरताना येते तशी.

आर्वी हसत नव्हती. ती उठली, संगीताताईंचा पदर ओढला आणि म्हणाली, "बाईचं तोंड सांडलंय."

संगीताताईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्या हातातला डाव खाली पडला.

हे शेतातून धावत आले. "काय झाला गो? बोल ना, काय होतंय?" मी म्हणाले, "भाकर." बिचारे घरात पळाले आणि खरंच भाकरी घेऊन आले. माझ्यासमोर धरून उभे राहिले. तेवढ्यात आळीतल्या एका म्हाताऱ्यांनी निदान करून टाकलं, "वारं गेलंय अंगावरनं. कबुतराचं रगत चोळा, दुसरा काय करू नका." आणि कबूतर शोधायला माणूस गेलासुद्धा. संगीताताई कधी वरच्या आवाजात बोलत नाहीत, त्या दिवशी ओरडल्या, "कबूतर मिळंल तवा मिळंल! आधी गाडी बोलवा!"

आधी पोलादपूर, मग महाड. मेंदूतल्या नसेत रक्ताची गुठळी अडकली होती. लवकर आणलंत, पण आणखी लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो हरवलेला वेळ कुठे गेला हे मी नंतर कितीदा तरी मोजलं. थोडा भाकरीत गेला, थोडा कबुतरात आणि पहिला, सगळ्यात मोलाचा, माझ्याच खेळात गेला. मीच त्यांना शिकवलं होतं की बाई मुद्दाम चुकतात.

पानांचा वास

दवाखान्यात मी अकरा दिवस होते. खरंतर ते दिवस नव्हतेच. सकाळी खिडकीपाशी सावित्री नदीवरचं धुकं यायचं, ते ओसरायचं, कुणीतरी सुई टोचायचं, कुणीतरी माझी कूस बदलायचं आणि पुन्हा धुकं यायचं. सगळी माणसं, सगळ्या वस्तू दिसायच्या, ओळखू यायच्या, फक्त त्यांच्यावरची नावं धुऊन गेली होती. अख्खं जग माझ्या पुस्तकासारखं झालं होतं, चित्रं सगळी होती आणि अक्षर एकही नव्हतं.

डोळे मिटले की एकच स्वप्न पडायचं. मी लहान आहे आणि कशाच्या तरी खाली उकिडवी बसले आहे. वर पाऊस ताडताड वाजतोय. वाळक्या पानांचा उबदार वास येतोय. समोर चिखलात आईच्या टाचा दिसतात, एक पाऊल मागे, आणखी एक पाऊल मागे. मी कोरडी आहे. ते माझ्या डोक्यावर काय आहे, हे मला स्वप्नातही सांगता यायचं नाही. जाग आल्यावर मी तासन् तास तेच शोधायची. माझं नाव, गाव, नवऱ्याचं नाव, काही येत नव्हतं. पण मला हवा होता तो तेवढाच एक शब्द.

मरणाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती जगण्याची, अशी, भाकर म्हणत. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हातपाय बरेच सुधारतील, बोलण्याचं सांगता येत नाही. बाजूला म्हणजे माझ्या खाटेपासून चार पावलांवर. वाचा गेलेल्या माणसाचे कानही गेले, असं सगळेच का धरून चालतात कोण जाणे. मी भिंतीकडे तोंड करून घेतलं. बोलणं नाही तर मुलं नाहीत, आणि मुलं नसतील तर मी सकाळी उठून कुठे जायचं?

वॉर्डात एक मावशी होत्या. रोज माझी वेणी घालायच्या. एकदा मी काही सांगू बघत होते आणि रडायला लागले, तर म्हणाल्या, "नाय बोलता येत तर नको बोलू गो. बाकीच्या बोलून काय दिवे लावतायत?" त्या आजारपणात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. अर्ध्या तोंडाने हसले, पण हसले.

वाचाउपचार करणारी एक तरुण ताई दिवसाआड यायची. ती चित्रांचे पत्ते काढायची, कप, किल्ली, चप्पल. "हे काय आहे, काकू?" पोरगी गुणी होती. पण माझ्यातली बाई मेली नव्हती. मी मनात म्हणायची, अगं, सुरुवातीलाच 'हे काय' विचारू नये, समोरच्याला परीक्षा वाटते. 'इथे काय चाललंय' विचार. आणि विचारून झाल्यावर गप्प बस. ती बसायचीही. पण शेजारी हे बसलेले असायचे. किल्ली दिसली की हे म्हणायचे, "किल्ली."

दोघांचं एकट्याने

आमच्या संसारात पंचवीस वर्षं मी बोलले आणि ह्यांनी ऐकलं. अबोल माणूस. पण घरी आल्यावर ह्यांनी दोघांचं बोलणं एकट्याने सुरू केलं. बघायला माणसं यायची. कुणी विचारलं, कसं वाटतंय, की मी शब्दाच्या शोधात निघायची, आणि मी उंबऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत ह्यांचं उत्तर तयार. "बरं हाय आता तिला." चहा हवा का? "नको, आत्ताच झालाय तिचा." मला हवा असायचा!

मायेपोटीच करत होते, हे मला दिसत होतं. मी अडखळले की ह्यांच्या कपाळावर घाम यायचा. मला पडू द्यायचं नाही म्हणून हे मला चालूच देत नव्हते. एका दुपारी मी पाणी मागायला तोंड उघडलं. "पा..." एवढं आलंही. हे म्हणाले, "पानी? आनतो." मी समोरचा स्टीलचा पेला उचलून भिंतीवर मारला. डाव्या हाताने मारला तरी पोचा पडला.

हे उठले आणि तडक गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने मी भिंत धरत धरत गेले, तर भुरीच्या पाठीवर डोकं टेकून रडत होते. मला बघून म्हणाले, "तू अडकलीस ना, की मला श्वास घेता येत नाय गो." मलाही खूप सांगायचं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी आम्हा दोघांनाही तेवढंच जमलं.

थोड्या दिवसांनी पनवेलचा आमचा मुलगा आला. दोघांनी मिळून माझा राजीनामा लिहून आणला होता. ह्यांनी समजावलं, "तुला कोण हसलेला मला बघवायचा नाय." मला फक्त सही करायची होती. सही डाव्या हाताने येत नाही, एवढ्याच कारणावर तो कागद राहिला.

आर्वीची पाळी

चैत्रात एके दिवशी आर्वी एकटीच आमच्या पडवीत आली. काखेत शेळीचं पुस्तक. आता ती पाच वर्षांची होती. माझ्याजवळ बसली, पहिलं पान उघडलं, शेळीवर बोट ठेवलं आणि हुबेहूब माझ्या सुरात विचारलं, "हिथं काय चाललंय?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मांडी घालून, पाठ ताठ करून गोठ्याकडे बघत होती.

"तू शोध, बाई," ती म्हणाली. "मी भुरीकडं बघते."

मी सांगू शकत नाही ते काय होतं. गेले दोन महिने सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, दूध उतू जातंय का बघावं तसं. पहिल्यांदा कुणीतरी नजर बाजूला घेतली आणि मला एकटीला आत उतरू दिलं. आत खूप खोल होतं, पण भयाण नव्हतं. भुरीने एक घास गिळला. दुसरा वर आला. तोही गिळला. आर्वी हलली नाही.

"शेळी," मी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "शेळी हाय."

'हाय' ऐकून मीच चमकले. सेविका झाल्यापासून मी 'आहे' म्हणणारी. मुलांसमोर शुद्ध बोलायचं, म्हणून माहेरची बोली मी घासून घासून काढली होती. आता वरचा तो मुलामा गेला आणि खालून डोंगरातली पोर निघाली. तिला आर्वीसारखंच हळूहळू बोलता येत होतं.

आर्वी रोज यायला लागली. ती थांबायची, पण सोडायची नाही. "शेळी हाय" म्हटलं की विचारायची, "कसली शेळी?" मी म्हणायची, "काळी." "काळी शेळी काय करते?" शब्दाला शब्द जोडून वाक्य वाढवायची ही माझीच युक्ती, माझ्यावरच चालवत होती. तपासणीला गेल्यावर महाडच्या दवाखान्यातल्या त्या ताईला सांगितलं, तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "काकू, हे मी तुमच्याकडून शिकायला हवं." आणि ह्यांना तिने बजावलं, की उत्तर सांगायचं नाही. हे मान डोलवायचे. पण घरी ओठ हलायचेच.

श्रावणात

आमच्या पर्यवेक्षिका भल्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, राजीनामा नंतर बघू, आधी एक सकाळ मुलांत बसा, गोष्ट घ्या, मी येऊन बसते. झालं तर झालं. मी हो म्हणाले. ह्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. मला सोडायला आले ते दारातच उभे राहिले, खिशात राजीनाम्याचा तो घडी घातलेला कागद.

बाहेर पाऊस लागला होता. आत तेरा मुलं, संगीताताई, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्यवेक्षिका. मी पुस्तक उघडलं. शेळी निघाली. पहिली चार पानं बरी गेली. पाचव्यावर मी बैलाला कोंबडा म्हणाले आणि मुलं आनंदाने ओरडली, "कोंबडा नाय, बैल!" त्यांना वाटलं, बाई परत आल्या आणि खेळही परत आला. मला तसंच पुढे रेटता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

आर्वीने विचारलं, "बाई, ही चूक मुद्दाम का खरी?"

मी पर्यवेक्षिकांकडे बघितलं, मग मुलांकडे.

"खरी," मी म्हणाले. "मी आजारी होते. शब्द हरवतात. शोधावे लागतात."

मुलांनी ते ऐकून घेतलं. शब्द शोधावे लागतात यात त्यांना नवल वाटलं नाही. ती तर रोजच शोधत असतात.

मग ते पान आलं. शेळी, पाऊस आणि तिच्यावर धरलेलं ते. मला माहीत होतं हे पान येणार. रात्रभर मी तो शब्द घोकला होता आणि आता तो नव्हता. तोंडाशी भाकर येऊन उभी राहिली, ती मी गिळली. दारात ह्यांनी एक पाऊल आत टाकलं. त्यांचे ओठ उघडले होते. मला 'छ' दिसलासुद्धा.

"आबा," आर्वी ह्यांना म्हणाली, लहान मुलाला दटावतात तशी. "भुरीकडं बघा."

आणि तेरा माना खिडकीकडे वळल्या. संगीताताईंची वळली. पर्यवेक्षिका क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनीही चष्मा सावरून गोठ्याकडे बघितलं. सगळ्यात शेवटी ह्यांनी तोंड मिटलं आणि मान वळवली.

माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. पाऊस कौलांवर ताडताड वाजत होता. भुरी चघळत होती. मी चित्राकडे बघत राहिले आणि हळूहळू ते चित्र बाजूला झालं. मी खाली उकिडवी बसले होते, वाळक्या पानांचा वास येत होता, समोर चिखलात आईच्या टाचा होत्या, एक पाऊल मागे, आणखी एक पाऊल मागे.

"इरलं," मी म्हणाले.

एक पोरगं म्हणालं, "छत्री!" मी म्हणाले, "हां, छत्री. पण माझ्या आईचं इरलं."

तेरा तोंडं माझ्याकडे वळली. आर्वीने विचारलं, "इरलं म्हंजे काय, बाई?"

ह्यांना ते चटकन सांगता आलं असतं. त्यांच्या आईनेही भातलावणीच्या पावसात तेच डोक्यावरून पांघरलं होतं. पण ते दारात तसेच उभे होते, खिशावर हात ठेवून, भुरीकडे बघत.